जजबाई आणि नेमका शब्द

जजबाईंच्या चेंबरमध्ये मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा नाकात क्लोरीनचा वास शिरला. हीटरसमोर एक खुर्ची ओढलेली होती. तिच्या पाठीवर न्यायाधीशाचा काळा झगा होता आणि त्याच्या शेजारी, तितक्याच मानानं, निळे टॉग्ज वाळत घातलेले होते. पोहायच्या कपड्यांना न्यूझीलंडमध्ये टॉग्ज म्हणतात हे तोवर मला कळलं होतं. ते झग्याशेजारी वाळत घालायची पद्धत आहे की काय, एवढंच कळेना.

"रोज पोहते मी," बाई म्हणाल्या. "थंडीत पण. पाण्यात कुणी उभं राहून मला 'युअर ऑनर' म्हणत नाही."

मी पुण्यात काही वर्षं वकिली केली होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो, आणि इथे माझ्या पदवीला कुणी विचारेना. म्हणून उत्तर बेटावरच्या एका मध्यम शहरातल्या कोर्टात रजिस्ट्रार म्हणून लागले. शहराचं नाव मुद्दाम सांगत नाही. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. काम असं, की न्यायाधीशांच्या पुढ्यात एक पायरी खाली, लोकांकडे तोंड करून बसायचं. खटले पुकारायचे, साक्षीदारांना शपथ द्यायची, रेकॉर्डिंग चालू आहे ना बघायचं, आणि बाकी वेळ तोंड बंद ठेवायचं. यातलं शेवटचं काम मला सगळ्यात जड गेलं.

माझ्या आडनावात ळ आहे. इथे आल्यापासून त्या ळचा कुणी ल केला, कुणी र केला, बँकेतल्या एका मुलीनं तर तो सरळ गाळूनच टाकला. मीही नाद सोडला होता. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "तुझं नाव तुझी आई कसं म्हणते?"

मी सांगितलं. त्यांनी म्हणून पाहिलं. ल झाला.

"नाही जमलं ना? जीभ कुठे लागते?"

"वर, मागे. टाळूला. जीभ उलटी वळवायची."

त्यांनी जीभ वळवली, डोळे मिटले, आणि तोंडातून काहीतरी भलतंच बाहेर पडलं. मला हसू आवरेना. बाई मात्र गंभीर होत्या. पुढचे कित्येक दिवस कॉरिडॉरमधून त्यांच्या चेंबरवरून जाताना आतून 'ळ, ळ, ळ' ऐकू यायचं. आमचा शिपाई मला म्हणाला, "जजचा घसा बसलाय वाटतं, गुळण्या करतायत." एका शुक्रवारी दुपारी दार उघडून त्या बाहेर आल्या आणि माझं आख्खं आडनाव असं काही म्हणाल्या, की सदाशिव पेठेतल्या आमच्या शेजारीणबाईंची आठवण झाली. मी मान डोलावली. बाईंनी मूठ वळून हवेत उंचावली आणि दार लावून घेतलं.

हे फक्त माझ्यापुरतं नव्हतं. सकाळी कोर्ट भरायच्या आधी त्या दिवसभराची नावं बघून ठेवायच्या. सामोअन, टोंगन, माओरी, सोमाली, सगळी. एखादं अडलं तर कुणाला ना कुणाला फोन करून विचारायच्या. आरोपी पिंजऱ्यात आला की आधी 'किया ओरा' असा माओरी नमस्कार, मग त्याचं नाव, आणि मग प्रश्न: "बरोबर म्हटलं का मी?" एकदा एक भलामोठा गडी संकोचून म्हणाला, "जवळपास, मॅम. चालेल."

"मला नाही चालणार," बाई म्हणाल्या. "तुझं नाव चुकवलं तर शिक्षा कुणाला दिली मी?"

त्यानं तीनदा म्हणून दाखवलं. बाईंनी तीनदा म्हटलं. सरकारी वकील घड्याळ बघत होते. बाईंनी तेही बघितलं आणि चौथ्यांदा म्हटलं.

शिक्षा सुनावण्याची त्यांची एक रीत होती. आधी चीज स्कोन, म्हणजे चीज घातलेला छोटा खारा पाव, खायचा. भुकेला न्यायाधीश कडक होतो, असं त्यांचं ठाम मत. स्कोन स्वतः भाजलेला, डब्यातून आणलेला. मलाही अर्धा मिळायचा. मग कोर्टात जाऊन त्या आरोपीशी बोलायच्या, वकिलांशी नाही. साध्या इंग्रजीत, छोटी छोटी वाक्यं. आणि शेवटी विचारायच्या, "आता तू मला सांग, मी काय म्हणाले?"

एकदा दारू पिऊन गाडी चालवणारा एक जण तिसऱ्यांदा आला होता. बाईंनी त्याला बरंच काही ऐकवलं. मग नेहमीचा प्रश्न. तो डोकं खाजवत म्हणाला, "तुम्ही म्हणालात मी एग आहे, मॅम." एग म्हणजे इथल्या बोलीत बावळट.

कोर्ट हसलं. बाई हसल्या नाहीत. "मी तो शब्द वापरला नव्हता," त्या म्हणाल्या, "पण मुद्दा पोचलाय. आता लायसन्सचं काय ठरलं ते सांग."

बाई दक्षिण टोकाकडच्या, साउथलंडच्या. तिकडची माणसं र चांगला घोळवून म्हणतात. बाई चिडल्या की त्यांचा र आणखी घोळायचा आणि तरुण वकिलांना तेवढ्यावरून हवामान कळायचं. वडील मेंढ्यांची लोकर कापणाऱ्या टोळीचे मुकादम. शाळा संपल्यावर बाई त्याच टोळीबरोबर स्वयंपाकीण म्हणून हिंडल्या, या फार्मवरून त्या फार्मवर. पैसे साठवून डनीडिनला कायदा शिकायला गेल्या तेव्हा वर्गात मुली अगदी मोजक्या होत्या. आधी लहान गावात वकिली, मग बरीच वर्षं सरकारी वकील, मग एकदम उलट्या बाजूला जाऊन आरोपींची वकिली. "एका बाजूनं लोकांना आत टाकून कंटाळले, मग दुसऱ्या बाजूनं बाहेर काढून कंटाळले," असं त्या सांगायच्या. "मग म्हटलं, मध्ये बसावं." जज झाल्यावर वर्षातून एकदा, कुणाला फारसं न सांगता, त्या ज्या तुरुंगात माणसं पाठवायच्या तिथे जायच्या आणि एका कोठडीत स्वतःला बंद करून घ्यायच्या. तासभर. दार बाहेरून लावलं जातं तेव्हाचा आवाज विसरता कामा नये, एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

माणूस म्हणून बाई सोप्या नव्हत्या. तारीफ करणं त्यांना जमायचंच नाही. 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' म्हणून वाक्य सुरू करणाऱ्या वकिलाला त्या मध्येच थांबवायच्या: "रिस्पेक्ट राहू दे, वाक्य सांगा." एका नवख्या वकील मुलीला त्यांनी इतकं झाडलं होतं, की ती बाथरूममध्ये जाऊन रडली. मी हे बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "रडली? मग उद्या तयारी करून येईल." ती आली, पण त्यानंतर बाईंच्या कोर्टात यायला ती कायम घाबरत राहिली, आणि बाईंना त्याचं काही वाटलं असं मला कधी दिसलं नाही. घटस्फोट झालेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. त्याचा फोन आला की त्या उभ्या राहून बोलायच्या, जसं कोर्टात वकील उभे राहतात तसं. फोन लवकर संपायचा.

पुण्यात माझे बाबा गेले तेव्हा मला वेळेवर जाता आलं नाही. विमान मिळेपर्यंत सगळं उरकणार होतं, म्हणून मी गेलेच नाही. मी दोन दिवस घरात बसून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात बाई. त्या 'सॉरी' म्हणाल्या आणि आत आल्या. मग बाह्या सरसावून त्यांनी आमच्या सिंकमधली सगळी भांडी घासली, पुसली, कपाटांतून लावून टाकली आणि निघून गेल्या. पुढे कितीतरी आठवडे मला पोळपाट एकीकडे, लाटणं भलतीकडे असं सापडत राहिलं. चहाचं गाळणं तर टॉवेलांच्या कपाटात निघालं. ते हातात घेऊन मी त्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडले.

पण बाईंबद्दल सांगायचं तर तो खटला सांगायलाच हवा.

आरोपी आपल्याकडचाच, मराठी. तिशीतला इंजिनिअर. बायकोला घराच्या जिन्यावरून ढकलल्याचा आरोप. तिचा खांदा मोडला होता. तिनं सांगितलं, यानं ढकललं. यानं सांगितलं, पाय घसरला. तिसरं माणूस घरात एकच होतं, ते म्हणजे त्याची आई. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेली आणि या भानगडीत अडकलेली. सरकारी वकिलांनी तिला साक्षीला बोलावलं. हिरवट सुती साडी, वर मुलाचं जाकीट, पायात मोजे आणि चपला. मी तिला शपथ दिली तेव्हा तिनं माझ्या कपाळाकडे, गळ्याकडे पाहिलं. मी मराठी आहे हे तिनं ओळखलं असावं. मी नजर रेकॉर्डिंगच्या यंत्रावर ठेवली.

दुभाषे म्हणून आलेले गृहस्थ फिजीचे, भारतीय वंशाचे होते. निवृत्त शाळामास्तर, सज्जन माणूस. हिंदी उत्तम. ज्या कुणी व्यवस्था केली त्यानं 'इंडियन' एवढंच बघितलं होतं. मास्तरांनी सकाळी शंका काढली होती म्हणे, पण त्यांना 'जमेल हो' असं सांगून आत पाठवलं. आणि सुरुवातीला जमलंही. आजी, म्हणजे आरोपीची आई, टीव्हीवरच्या मालिकांतलं हिंदी बोलत होत्या. "मैं बेटे के पास आई," वगैरे. पण जसजसं बोलणं त्या घटनेच्या संध्याकाळपर्यंत आलं तसतसं हिंदी सुटलं आणि आजी सरळ मराठीत शिरल्या.

"मी वर होते," आजी म्हणाल्या. "ती रागानं जिन्यावरून खाली चालली होती. यानं तिला हाक मारली."

मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि इंग्रजीत सांगितलं, "त्यानं तिला मारलं."

ज्यूरीत बसलेल्या एका बाईनं श्वास आत ओढला. सरकारी वकिलांच्या तोंडावर समाधान पसरलं; त्यांच्या हातात हवं ते पडलं होतं. मी यंत्रावरची नजर उचलून थेट बाईंकडे पाहिलं. आणि तेवढ्यात पिंजऱ्यात तो उठून उभा राहिला.

"ती असं म्हणाली नाही! माझी आई असं म्हणाली नाही!"

त्याच्या वकिलानं त्याला हातानंच 'बस, बस' केलं. सरकारी वकील म्हणाले, "आरोपीला भाषांतर आवडलं नाही यात नवल काय?"

"त्याला आवडलं का, हे मी विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या. र घोळला होता. "ते बरोबर आहे का, हे मला कळायला हवं." त्यांनी ज्यूरीला बाहेर पाठवलं, आजींना पाणी द्यायला सांगितलं आणि उठल्या.

मी त्यांच्या मागोमाग चेंबरमध्ये गेले. दार लावलं आणि म्हटलं, "जज, तो खरं..."

बाईंनी हात वर केला. "एक शब्द बोलू नकोस."

"पण मला..."

"तुला कळलंय ते मला दिसलं. तुझा चेहराच तसा झाला होता. पण तू माझं माणूस आहेस. बंद दारामागे तू माझ्या कानात सांगायचं आणि त्यावर मी निर्णय द्यायचा, मग बाहेर त्या वकिलांना मी काय सांगू? तू बोललीस तर तुला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं करावं लागेल." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि ते रेकॉर्डिंगचं यंत्र मला चालवता येत नाही."

एवढं खरं माझ्या ओठांवर होतं आणि मला गिळावं लागलं. त्या वेळी मला त्यांचा रागच आला होता. नंतर विचार करता वाटलं, त्या दिवशी कोर्टात सगळ्यात अवघड काम बाईंनी स्वतःकडे घेतलं होतं: सांगणारं माणूस समोर उभं असताना न ऐकण्याचं.

बाईंनी बाहेर येऊन खटला दुसऱ्या दिवसावर टाकला. ऑकलंडहून एक मराठी बाई शोधून काढल्या गेल्या. मूळच्या नाशिकच्या, फार्मसिस्ट, दुभाष्याची परीक्षा दिलेल्या. सकाळी ज्यूरी आत यायच्या आधी रेकॉर्डिंग लावलं. फार्मसिस्टबाईंनी ते एकदा ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं.

"हाक मारली," त्या म्हणाल्या. "म्हणजे तिला आवाज दिला. बोलावलं. यात मारण्याचा काही संबंध नाही."

फिजीचे मास्तर मागच्या बाकावर बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आपणहून आले होते. त्यांची मान खाली गेली. बाईंनी त्यांना नावानं हाक मारून उभं केलं. वाटलं, आता झाडणार.

"सर," बाई म्हणाल्या, "तुम्हाला जे काम येतं ते सोडून आम्ही दुसरंच काम दिलं. ही चूक कोर्टाची आहे. ती मी या कोर्टाच्या वतीनं मान्य करते. तुम्ही काल केलेल्या मदतीबद्दल आभार."

मास्तरांनी हात जोडले आणि तसेच उभे राहिले. शेवटी शिपायानं त्यांना खाली बसवलं.

ज्यूरी आली. बाईंनी त्यांना साध्या शब्दांत सांगितलं, की काल ऐकलेलं ते वाक्य चूक होतं, ते मनातून काढून टाका. खरं वाक्य हे. मग आजी पुन्हा साक्षीला उभ्या राहिल्या. पिंजऱ्यात मुलगा सैल होऊन बसला होता. त्याच्या वकिलाचा चेहरा उजळला होता.

सरकारी वकिलांना नव्यानं सुरुवात करावी लागली. "त्यानं तिला हाक मारली. मग ती थांबली का?"

फार्मसिस्टबाईंनी मराठीत विचारलं. आपल्या भाषेतला प्रश्न ऐकून आजींचा चेहराच बदलला.

"नाही थांबली."

"मग काय झालं?"

आजींनी मुलाकडे पाहिलं. मुलानं मान किंचित हलवली, नाही, अशी. फार्मसिस्टबाई वाट बघत होत्या. बाई वरून म्हणाल्या, "त्यांना सांगा, घाई नाही."

"मग यानं तिला ढकललं," आजी म्हणाल्या. "दोन्ही हातांनी." आणि थोड्या वेळानं, कुणी न विचारता, "मी काल तेच सांगत होते. मध्येच सगळे उठून गेले."

फार्मसिस्टबाईंनी एकही शब्द गाळला नाही.

ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं. काही आठवड्यांनी शिक्षा सुनावली. बाईंनी त्याला तुरुंगात पाठवलं, पण सरकारनं मागितलं होतं त्याहून कमी काळासाठी. त्या त्याला म्हणाल्या, "त्या दिवशी तू उठलास तो स्वतःला वाचवायला, हे मला माहीत आहे. पण तू म्हणालास ते खरं होतं. तू गप्प राहिला असतास तर कधीच न बोललेल्या एका वाक्यावर या कोर्टानं तुला शिक्षा केली असती, आणि ते तुझ्या आईच्या नावावर चिकटलं असतं. तेवढं मी तुझ्या बाजूला धरते."

त्या दिवशी डब्यातला स्कोन तसाच राहिला. चेंबरमध्ये बाई खिडकीशी उभ्या होत्या. "मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "त्यांची भाषा मिळाली की त्याच्या आईंचं ओझं उतरेल. मी तर ते नीट बांधून त्यांच्या डोक्यावर ठेवलं."

दोनेक वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ, वकिलांची भाषणं, सगळ्याला नकार दिला. शेवटच्या दिवशी सोमवारची नेहमीची यादी चालवली, झगा पिशवीत कोंबला आणि आपल्या जुन्या यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, कुत्र्याच्या केसांनी भरलेल्या सीटवर बसून गेल्या. त्यानंतर आम्ही ऑकलंडला आलो. संपर्क राहिला नाही.

मग एका रविवारी ऑकलंडमधल्याच अवोन्डेलच्या बाजारात, सकाळच्या गर्दीत, मला त्या दिसल्या. पायात जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, हातात पालकासारख्या मोठ्या पानांच्या भाजीची जुडी, केस ओले. मुलगा ऑस्ट्रेलियातून ऑकलंडला आला होता म्हणून त्याच्याकडे आल्या होत्या. तो थोड्या अंतरावर बाईंच्या नातीला घेऊन उभा होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग बाईंनी एकदम विचारलं, "त्या आईचं काय झालं? मला कधी विचारता आलं नाही. जजनं विचारायचं नसतं."

मला माहीत होतं. निकालाच्या दिवशी सगळं आवरून मी बाहेर आले तेव्हा कॉरिडॉरमधल्या बाकावर आजी एकट्याच बसल्या होत्या. मुलाला आत नेलं होतं. मुलाचे मित्र त्यांच्याशी न बोलता निघून गेले होते. आजींना घर कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा माहीत नसावं. मी त्यांच्याकडे जाणार, एवढ्यात दुसऱ्या टोकाकडून सून आली. खांद्याला अजून पट्टा होता. ती आजींसमोर उभी राहिली. मग सून बोलली आणि आजी उठल्या. सुनेनं चांगल्या हातानं त्यांची पिशवी घेतली आणि दोघी बाहेर पडल्या. पुढे आजी पुण्याला परतेपर्यंत तिच्याकडेच राहिल्या, असं मी नंतर ऐकलं.

बाई ऐकत होत्या. भोवती भाजीवाल्यांचा आरडाओरडा चालू होता.

"ती काय बोलली?" बाईंनी विचारलं. "सून. तू ऐकलंस ना? तिच्या भाषेत सांग आधी."

"आई, चला," मी म्हटलं, "कुकर लावायचाय."

"म्हणजे?"

"मदर, कम. द कुकर हॅज टू गो ऑन. रोजच्या वरणभाताचा."

"आणखी काही?"

"नाही. एवढंच."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी काही गाळलं नाही ना याची खात्री करत असल्यासारखं. मग त्यांनी हातातली जुडी दुसऱ्या हातात घेतली, मोकळ्या हातानं माझा दंड घट्ट धरला, आणि वळून मुलाला हाक मारली.